वही, वजनकाटा आणि पायथॉन: घरचं काम करता करता प्रोग्रामिंग शिकतोय, वाट चुकली तर सांगा

वावरातला
१४ ऑक्टोबर, रात्री १०:४५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, पहिलाच धागा काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी पारोळा तालुक्यातला. बी.कॉम. झालंय, दिवसा एका कृषी केंद्रात बिलं फाडतो, सुटीच्या दिवशी वावरात. पायथॉन शिकायला आजवर तीनदा बसलो. पहिल्यांदा लॉकडाऊनमध्ये, यूट्यूब बघून. दुसऱ्यांदा जळगावला एका क्लासचे पैसे भरले. तिथे दोन आठवडे संगणकाचा इतिहास आणि मग एकदम क्लास-ऑब्जेक्ट. फीपेक्षा जीव गेला तो येण्याजाण्यात. तिसऱ्यांदा मोफत कोर्स, प्रमाणपत्रासकट. तिन्ही वेळा फॉर लूपपर्यंत पोचलो आणि गाडी रुतली. ताऱ्यांचा त्रिकोण छापता येतो मला. त्या त्रिकोणाचं पुढे करायचं काय, हे कोणीच सांगत नाही.

आता चौथ्यांदा बसतोय, त्याला कारण आहे. कापसाची वेचणी सुरू झाली. आमच्याकडे चौदा बाया येतात. संध्याकाळी बांधावर काटा टांगायचा, एकेकीचं गाठोडं मोजायचं, आई वहीत लिहिते. यंदा दहा रुपये किलोनं ठरलंय. बाजाराच्या आदल्या रात्री हिशेब. कोणी मधेच उचल घेतलेली असते, कोणाचे दोन खाडे असतात. साडेअकरापर्यंत मी आणि आई कॅल्क्युलेटर घेऊन बसतो आणि तरी दर आठवड्याला वीस-तीस रुपयांचा घोळ निघतोच. मग भांडण नाही, पण कुरबुर होते.

मनात आलं, हेच पायथॉनमध्ये करून पाहावं. असं स्वतःचं काहीतरी बनवत शिकलेलं कोणी आहे का इथे? की आधी सगळं पुस्तक संपवावं लागतं?


भुसावळ जंक्शन
१४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

ये भाऊ, बस. तुझ्याकडे त्रिकोण होता, माझ्याकडे पिरॅमिड.

मी रेल्वेत, रनिंग स्टाफ. वय ४४. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवात केली. कारण एवढंच की महिनाअखेर आपले ड्यूटीचे तास आपण मांडावेत आणि ताडून बघावेत. साइन ऑन, साइन ऑफ, वजाबाकी. सोपं वाटतं ना? पहिल्याच रात्रपाळीला आपटलो. साइन ऑन २२:३०, साइन ऑफ सकाळी ०६:१०. प्रोग्राम म्हणतो, 'मायनस वन डे, ७:४०'. आता हा एक दिवस वजा कुठून आला? गाडी उलटी चालवली का मी?

दोन दिवस डोकं खाजवलं. मग उजेड पडला. मी दोन्ही वेळांना एकच तारीख चिकटवत होतो. म्हणजे संगणकाच्या लेखी सकाळचे सहा हे त्याच दिवशीचे, साइन ऑनच्या सोळा तास आधीचे. साइन ऑफला दुसऱ्या दिवसाची तारीख दिली आणि ७ तास ४० मिनिटं सरळ आली. हे डेटटाइम प्रकरण व्हिडिओत मी आधी दोनदा पाहिलेलं होतं, वहीत टिपणंसुद्धा काढली होती. कळलं ते त्या उलट्या दिवसामुळे.

वेचणीचा हिशेब झकास आहे. फक्त पहिल्या आठवड्यात उचल, खाडे यांच्या नादाला लागू नको. चौदा वजनं घे, दहाने गुण, छाप. बास.


तक्तेवाला
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

नाउमेद करत नाही, पण हे काम एक्सेलचं आहे. चौदा ओळी, सात रकाने, शेवटी बेरीज. दहा मिनिटं लागतील. सुईच्या कामाला कुऱ्हाड कशाला?


वावरातला
१५ ऑक्टोबर, दुपारी २:१०

तक्तेवाला, एक्सेल दुकानात रोजचंच आहे. नुसता हिशेब हवा असता तर धागा काढलाच नसता.

खरं सांगू का, मला असं काम हवं होतं ज्याचं उत्तर आधीच कोणाकडे तरी आहे. माझा प्रोग्राम चुकला तर आईची वही लगेच सांगेल. ताऱ्यांच्या त्रिकोणात एक तारा कमी पडला तर कोणाचं काय जातं? इथे एका बाईची दिवसाची मजुरी चुकते.


खडू-फळा
१५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धुळ्याकडे एका तंत्रनिकेतनात पंधरा वर्षं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतोय, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

प्रोजेक्टमधून शिकणाऱ्यांची एक खोड असते. लागेल तेवढंच शिकतात आणि मधे भोकं राहतात. एका विद्यार्थ्याने वर्गाच्या हजेरीचा प्रोग्राम करून आणला, मोठ्या हौसेने. उघडून पाहतो तर विद्यार्थी१, विद्यार्थी२ असे थेट विद्यार्थी६० पर्यंत साठ व्हेरिएबल. प्रत्येकासाठी वेगळा इफ. चालत होता हो तो प्रोग्राम! पण वर्गात एकसष्टावा मुलगा आला की साहेब गारद. त्याला 'लिस्ट' नावाची वस्तू जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि जी वस्तू आहे हेच माहीत नाही, ती माणूस गूगलवर शोधणार तरी कशी?

म्हणून माझं म्हणणं, सहा दिवस तुमची वेचणी करा, सातव्या दिवशी पुस्तक. कुठलंही, पण ओळीने. लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन, फाइल. एवढ्या चार गोष्टी अंगवळणी पडल्या की पहिलं वर्ष निघतं.

आणि आधीच सांगून ठेवतो, वजनं फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, ठेवू नका. पायथॉनला १.१ आणि २.२ ची बेरीज विचारा. ३.३००००००००००००००३ असं काहीतरी दाखवेल. तो चुकत नाहीये. आपल्या दशांशात एक तृतीयांश जसा ०.३३३ करत कधी संपत नाही, तसे ०.१, ०.२ हे त्याच्या बायनरीत संपत नाहीत, मग तो जवळची किंमत धरतो. किलोऐवजी ग्रॅम ठेवा, रुपयांऐवजी पैसे. पूर्णांकात दगाफटका नाही.


वावरातला
१८ ऑक्टोबर, रात्री ११:५५

पहिली आवृत्ती झाली. सव्वीस ओळी. भुसावळ जंक्शन यांचं ऐकून फक्त नाव, वजन, गुणिले दहा.

आईला म्हटलं, तू टाक. तिने काय करावं? मराठी आकड्यांतच टाइप केलं, '३१'. मी म्हटलं, संपलं, आता लाल अक्षरं येणार. काही नाही! गपचूप ३१० रुपये दाखवले. नंतर शोधलं तर कळलं, टाइप केलेला मजकूर 'इंट'मधून (मजकुराचा पूर्णांक करतं ते) नेला की पायथॉन देवनागरी आकडे आपले आकडे म्हणूनच घेतो. प्रोग्रामच्या ओळीत थेट '३१' लिहिलं तर मात्र भांडतो. मला उगाच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण पुढचं ऐका. चौदाही वजनं टाकून झाली, बेरीज आली, आई म्हणाली जेवून घे. लॅपटॉप मिटला. बॅटरी आधीच मेलेली, त्यात लाइट गेली. जेवून परत उघडतो तर काहीच नाही. सगळं फक्त मेमरीत होतं, फाइलमध्ये लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आई काही बोलली नाही. वही उघडून शांतपणे पुन्हा सांगायला लागली. ते जास्त लागलं.

खडू-फळा सर, आज फाइलचं प्रकरण वाचतोय. सातवा दिवस आपोआप उगवला.


खडू-फळा
१९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

वाचा. आणि मला सर म्हणू नका, तो दिवसभर असतोच.


नवापूरची
१९ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्याला दोन तास मिळतात, त्यात एका मशीनवर तिघी. फोनवर शिकता येतं का खरंच? लोक म्हणतात टाइमपास आहे.


भुसावळ जंक्शन
१९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ताई, येतं. पायड्रॉइड ३ टाक, एकदा उतरवलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. मी रनिंग रूममध्ये तेच वापरतो. बोटं दुखतात हे खरं. साधा यूएसबी कीबोर्ड आणि ओटीजीची छोटी पिन मिळाली तर अर्धं दुःख गेलं.

एक सावध राहा. दुसरीकडचा कोड आणून चिकटवला की अवतरणचिन्हं कधी वळणदार येतात, पुस्तकात असतात तशी. पायथॉनला सरळ उभी लागतात. डोळ्याला फरक दिसत नाही आणि 'सिंटॅक्स एरर' म्हणून तो अडून बसतो. माझी एक अख्खी ड्यूटी त्यात गेली आहे.


कळण्याची भाकरी
१९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

नवापूरची, व्हिडिओ इंग्रजीत कळत नसतील तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघ, त्यात मराठी आवाजातले धडे आहेत. छोटे छोटे, थांबवत थांबवत करायचे. फार भारी रंगरंगोटी नाही, पण बरोबर बसून शिकवल्यासारखे.

माझंही सांगते. माहेर अमळनेर, आता पुण्यात. लेक अहिराणी विसरत चालली, विसरत काय, तिला ती कधी आलीच नाही. आईच्या तोंडून शब्द ऐकून मी वहीत उतरवले होते, सहाशेच्या वर. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, डोळ्याला डोया, केळीला केयी. म्हटलं, याचा खेळ करू. संगणक शब्द विचारेल, ती अर्थ सांगेल.

पहिला दणका: यादी फाइलमध्ये लिहिली, ती एक्सेलमध्ये उघडली, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए आणि त्याला चिकटलेलं गोल चिन्ह, पुन्हा पुन्हा, ओळीच्या ओळी. आईचे सहाशे शब्द किड्यांनी खाल्ले असं वाटलं. फाइल मुळात ठीक होती. ती यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) आहे हे एक्सेलला समजत नव्हतं. लिहिताना एन्कोडिंगच्या जागी नुसतं यूटीएफ-८ न देता त्यापुढे 'सिग' लावलं की फाइलच्या तोंडाशी एक खूण बसते आणि एक्सेल ती ओळखतं. तीन दिवस रडले, उपाय चार अक्षरांचा.

दुसरा दणका जास्त मजेशीर. अक्षरं ओळखायचा खेळ केला, शब्दाच्या जागी रिकाम्या रेघा. 'केळी' दिलं तर चार रेघा! लेक म्हणते, आई, केळीत दोनच अक्षरं असतात. पायथॉन क, एकारची मात्रा, ळ आणि दीर्घ वेलांटी असे चार सुटे मोजतो. आणि मात्रा एकटी पडली की ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसते, बिचारी. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते त्याला माहीतच नाही. शेवटी मात्रा आल्या की मागच्या अक्षराला चिकटवायच्या असं फंक्शन लिहिलं. जोडाक्षरांत अजून फसतं, पण लेक खेळते.


तक्तेवाला
२० ऑक्टोबर, सकाळी ८:५०

हे मात्र एक्सेलला जमलं नसतं. शब्द मागे घेतो. (अर्धेच.)


वावरातला
२७ ऑक्टोबर, रात्री ११:३०

फाइल जमली. रोजची वेगळी, तारखेच्या नावाने. पण या आठवड्याला बेरीज जुळेना. वहीत चौदा बाया, माझ्या यादीत तेरा.

एकच नाव असलेल्या दोघी आहेत. मी डिक्शनरी वापरलेली, नाव ही किल्ली, वजन ही किंमत. दुसरीचं वजन टाकलं की पहिलीचं पुसून जायचं, हूं की चूं न करता. एररसुद्धा नाही. लाल अक्षरं आली असती तर बरं झालं असतं, ती निदान ओरडतात तरी.

आईला विचारलं, तू कशी ओळखतेस? तिने वही दाखवली. एकीपुढे लिहिलंय 'वरची', दुसरीपुढे 'नाल्याकडची'. इतकी वर्षं ती वही मी पाहतोय, हे कधी वाचलंच नव्हतं. आता प्रत्येकीला एक नंबर दिला आहे आणि नंबर ही किल्ली. पण पडद्यावर 'वरची', 'नाल्याकडची' तसंच ठेवलंय, नाहीतर आई नंबर कशाला लक्षात ठेवेल?


खडू-फळा
२८ ऑक्टोबर, सकाळी ७:००

डेटाबेस शिकवताना आम्ही याला 'प्रायमरी की' म्हणतो. दोन तास व्याख्यान देतो, मुलं जांभया देतात. पुढच्या वेळी तुमच्या आईची वही सांगेन, परवानगी असेल तर.


वावरातला
२८ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

आईला विचारलं. म्हणाली, "सांगू दे, पण अक्षर माझं चांगलं नाही म्हणून नको सांगू."


शॉर्टकट
२९ ऑक्टोबर, दुपारी ४:००

इतका आटापिटा कशाला भाऊ? एआयला सांग, 'कापूस वेचणीचा हिशेब करून दे'. पाच मिनिटांत तयार. मी तसंच केलं, दुकानाचं बिलिंग.


वावरातला
२९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

करून पाहिलं, खोटं कशाला बोलू. एकशे चाळीस ओळी दिल्या, रंगीत बटणांसकट, आणि चालल्यासुद्धा. आई म्हणाली, उचल आठवड्याच्या शेवटी नाही, घेतली त्याच दिवशी वजा दाखव. तर ती ओळ कुठे आहे ते मला सापडेना. दोन तास शोधलं. माझ्याच घरात दुसऱ्याची गोदरेजची तिजोरी आणून ठेवल्यासारखं. मग माझ्या सत्तर ओळींकडे परत आलो. वेड्यावाकड्या आहेत, पण कोणता खांब कुठे पुरलाय ते ठाऊक आहे.


भुसावळ जंक्शन
२९ ऑक्टोबर, रात्री ११:००

मी एआय वापरतो, पण एका कामाला. लाल अक्षरं आली की ती चिकटवायची आणि म्हणायचं, कोड लिहू नको, याचा अर्थ काय एवढंच सांग. मग आपण बसायचं. शॉर्टकट भाऊ, तुमचं बिलिंग चालतंय ना, छान. फक्त जीएसटीचा दर बदलला की आम्हाला सांगा, गंमत बघायला येतो.


केळीकर
१ नोव्हेंबर, रात्री ९:४५

यावल भागातून. मी केळीला पाणी देण्यासाठी मोटार आपोआप चालू करायचं म्हणतोय. लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून वावरात जायचं, त्यात साप-विंचू. छोटा बोर्ड, रिले, जमिनीतली ओल मोजायचा सेन्सर, सगळं ऑनलाइन मागवलं आहे. पहिलाच प्रोजेक्ट. जोडू का सरळ स्टार्टरला?


खडू-फळा
१ नोव्हेंबर, रात्री ९:५८

नाही! थांबा. तीन फेज आहे ते. पाच व्होल्टचा हौशी रिले आणि वावरातली ओली जमीन, हे शिकायचं ठिकाण नव्हे.

घरात टेबलावर करा. मोटारीच्या जागी एक एलईडी. सेन्सर एका कुंडीत खुपसा. महिनाभर तो एलईडी योग्य वेळी लागतो का ते बघा, बोर्ड मधेच अडकतो का, लाइट जाऊन आली की काय करतो ते बघा. लाइट आल्यावर बोर्ड आपोआप 'चालू' म्हणून उठला आणि तुम्ही त्या क्षणी फुटबॉलला (पंपाच्या फूट व्हॉल्व्हला) हात घालून बसलेला असलात तर? प्रोग्राम फसला तर पुन्हा लिहिता येतो. स्टार्टरची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच, आणि तीही शेवटी.


केळीकर
१ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बरं झालं विचारलं. कुंडीत तुळस आहे, बायको सेन्सर खुपसू देईल असं वाटत नाही. बादलीत माती भरतो.


केळीकर
९ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

बादली चालू आहे. सेन्सर पाण्यात जास्त आकडा देईल असं मी गृहीत धरलं होतं, माझा उलटा देतो: कोरड्यात मोठा, ओल्यात लहान. सरळ मोटारीला जोडलं असतं तर चिखलात पाणी आणि कोरड्यात बंद.


नवापूरची
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

मीपण केलं! फोनवरच. स्टँडवरच्या एसटीच्या वेळा लिहून आणल्या, किती वाजले ते टाकलं की पुढची गाडी सांगतो. पण ९:३० ची गाडी १०:१५ च्या नंतर दाखवत होता. मला वाटलं एसटीच उशिरा येते म्हणून असेल. (गंमत करतेय.)

मी वेळा मजकूर म्हणून ठेवल्या होत्या. मजकुरात तो पहिलं अक्षर बघतो, ९ मोठा की १ मोठा. पुढे शून्य लावून ०९:३० केलं आणि सगळ्या गाड्या रांगेत आल्या. मैत्रिणी रोज विचारतात आता. एकीने सांगितलं, दुपारची एक वेळ चुकलीये. खरंच चुकली होती, माझ्या लिहिण्यात.


कळण्याची भाकरी
१० नोव्हेंबर, रात्री ८:००

शाब्बास पोरी! कोणी चूक काढतंय म्हणजे कोणीतरी वापरतंय. माझ्या लेकीने 'केळी'ची दोन अक्षरं मोजली नसती तर मी चार रेघांवरच खूश होते.


नोकरी.कधी
१२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

सगळं ठीक आहे, पण याने पुण्यात नोकरी लागेल का? कंपन्या कापसाचा हिशेब बघणार आहेत का मुलाखतीत?


भुसावळ जंक्शन
१३ नोव्हेंबर, पहाटे ५:२०

एवढ्यानेच लागेल असं कोणी म्हणालंय का? मुलाखतीत लिस्ट उलटी करा, शब्द मोजा असले प्रश्न येतात, त्याचा सराव वेगळा करावा लागतो. पण 'तुम्ही काय बनवलंत' हाही प्रश्न येतो. माझ्या पुतण्याला आला. दहा जणांनी कॅल्क्युलेटर सांगितला असेल तिथे वावरातला वेचणी सांगेल, आणि त्यावर अर्धा तास बोलू शकेल. मला विचाराल तर मी नोकरीसाठी शिकलोच नाही, माझी आहे.


वावरातला
१७ नोव्हेंबर, रात्री ११:४०

आजचं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

चार आठवडे वही आणि प्रोग्राम शेजारी शेजारी चालवतोय. परवा आई म्हणाली, 'नाल्याकडची'चे दहा रुपये तुझं मशीन कमी देतंय. मी म्हटलं, वहीत चूक असेल. (हे वाक्य पुन्हा आयुष्यात बोलणार नाही.) दिवस काढले. एका दिवशी तिचं वजन साडेबावीस. आमच्याकडे रिवाज असा की अर्धा किलो असेल तर पूर्ण धरायचा, बाईच्या बाजूने. म्हणून आईने २३ लिहिले. प्रोग्रामने 'राउंड' करून २२.

मग दुसऱ्या दिवशीचं बघितलं. तिचं साडेतेवीस. प्रोग्राम म्हणतो २४! बरोबर! एकाच ठिकाणी साडेबावीसचे बावीस आणि साडेतेवीसचे चोवीस. मला वाटलं लॅपटॉप गरम झाला.

आधी इथेच शोधलं, नंतर पायथॉनच्या कागदपत्रांत सापडलं. बरोबर अर्धा आला की पायथॉन जवळच्या सम संख्येकडे झुकतो. २२ सम, म्हणून खाली. २४ सम, म्हणून वर. म्हणजे निम्म्या वेळा माझा हिशेब वहीशी जुळत होता आणि म्हणूनच चार आठवडे कळलं नाही.


खडू-फळा
१८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ती चूक नाही, मुद्दाम केलेलं आहे. अर्धा दरवेळी वर ढकलला तर हजारो आकड्यांची बेरीज हळूहळू फुगत जाते. अर्धे वर, अर्धे खाली, म्हणजे तोल राहतो.

पण तुमच्या बांधावर तोल राखायचाच नाहीये, बाईच्या बाजूने झुकायचं आहे. ते पायथॉनला कसं कळणार? आणि मी ग्रॅम ठेवा म्हटलं होतं, आठवतं? ग्रॅममध्ये ५०० मिळवा, हजाराने भागा आणि फक्त पूर्णांक घ्या, दोन तिरक्या रेघांचा भागाकार. २२५०० अधिक ५००, भागिले हजार, तेवीस.


वावरातला
१८ नोव्हेंबर, रात्री १०:००

आठवतं. ऐकलं नव्हतं. आता ग्रॅममध्ये आहे.

मागचे सगळे आठवडे पुन्हा चालवले. चौघींचे मिळून सत्तर रुपये कमी निघत होते. सुदैवाने पैसे आजवर वहीवरूनच दिलेत, त्यामुळे कोणाचे बुडाले नाहीत. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणून वही बंद करत नाही मी."

आणखी एक. सगळं गिटहबवर (कोडच्या आवृत्त्या जपणारी साइट) टाकावं म्हणतोय, म्हणजे 'हिशेब_नवा', 'हिशेब_नवा_२', 'हिशेब_खरंच_नवा' या फायलींतून सुटका होईल.


कळण्याची भाकरी
१८ नोव्हेंबर, रात्री १०:२५

कोड टाक, पण बायांची नावं आणि मजुरीच्या फायली सोबत जाऊ देऊ नकोस. कोणी किती उचल घेतली हे गावाला कशाला? त्या फायलींची नावं 'गिटइग्नोर'मध्ये, म्हणजे वर न टाकायच्या फायलींच्या यादीत, पहिल्याच दिवशी लिही. एकदा वर गेलेलं नंतर पुसलं तरी जुन्या नोंदींत राहतं.


वावरातला
१८ नोव्हेंबर, रात्री १०:३१

अरे बापरे. हात कीबोर्डवरच होता. थांबलो.


वावरातला
२ डिसेंबर, रात्री ९:२०

दुसरी वेचणी उरकत आली. आज बाजाराच्या आदल्या रात्री हिशेब साडेनऊच्या आत झाला, वहीसकट. 'वरची' माझ्या फोनकडे बघून म्हणाली, "वाच बरं माझं, मला दिवस-दिवस वाचून दाखव." वाचलं. एका दिवशी तिने मान हलवली, त्या दिवशी अर्धाच दिवस होती म्हणे. वहीतही तसंच होतं. माझ्याकडेही.

आता नवीन भानगड. टोळीचा मुकादम बघत उभा होता. त्याच्या तीन टोळ्या आहेत, तीन गावांत, आणि म्हणतोय तिन्हींचा हिशेब यातच टाक, तिघं जण आपापल्या फोनवरून लिहितील. माझ्या फाइलमध्ये तिघांनी एकदम लिहिलं तर काय होईल?


खडू-फळा
२ डिसेंबर, रात्री ९:४१

काय होईल ते आधी करून बघा. दोन खिडक्या उघडा, दोन्हीकडून एकाच फाइलमध्ये लिहा आणि शेवटी कोणाचं उरतं ते मोजा. मग एसक्यूलाइट (एका फाइलीतला छोटा डेटाबेस) वाचायला घ्या. तीन गावांतले तीन फोन तेवढ्याने जोडले जाणार नाहीत, पण सुरुवात तिथून. त्यासाठी नवा धागा काढा, हा फार लांबला.


भुसावळ जंक्शन
२ डिसेंबर, रात्री १०:०२

आणि मुकादमाकडून पैसे घे भाऊ. भरीत-भाकरीवर मान्य करू नको.